स्लॅब वरून कोरडा दिसतोय, लाकडी फ्लोअरिंग चिकटवू का?

तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं: जमिनीवर टाकलेल्या १०० मिमी जाडीच्या स्लॅबला दोन महिने झालेत, वरून तो पांढरा पडलाय, आणि रात्रभर प्लास्टिक चिकटवून ठेवलं तरी खाली थेंब दिसला नाही. एवढ्यावर फळ्या चिकटवू नका. आधी स्लॅबच्या आतली आर्द्रता मोजा.

प्लास्टिकखाली पाणी जमणं हे स्लॅबच्या आणि खोलीच्या तापमानावर फार अवलंबून असतं. स्लॅबचा पृष्ठभाग पुरेसा थंड नसेल, तर आत भरपूर ओल असूनही थेंब येत नाही. थेंब आला तर ओल आहे असं समजून पुढची तपासणी करा. न आला तर मात्र त्यावरून काहीच ठरवू नका.

स्लॅब वरून खाली असा वाळतो, म्हणून वरचा थर कोरडा आणि पोट ओलं राहतं. फ्लोअरिंग टाकलं की वरून बाष्प उडणं थांबतं, खालची ओल हळूहळू वर येऊन सगळीकडे सारखी होते. हे पाणी अल्कधर्मी असतं, त्यामुळे ते चिकटद्रव्यही सोडवतं. फळीची खालची बाजू ओल पिऊन फुगते, वरची तशीच राहते, आणि कडा वर येऊन फळी वाटीसारखी होते. एका बाजूने वाळणाऱ्या स्लॅबमध्ये जाडीच्या ४० टक्के खोलीवरचं माप घेतात ते यासाठीच: झाकल्यानंतर फ्लोअरिंगला जी आर्द्रता सोसावी लागणार, तिच्या ते सर्वांत जवळचं असतं.

भोक पाडून त्यात प्रोब, म्हणजे सापेक्ष आर्द्रता टक्क्यांत दाखवणारी दांडी, घालून मोजायची ही पद्धत एएसटीएम एफ२१७० या अमेरिकी मानकात दिलेली आहे. तुमच्या स्लॅबला भोक ४० मिमी खोल हवं. (दोन्ही बाजूंनी वाळणारा मधल्या मजल्याचा स्लॅब असेल तर खोली २० टक्के.) पहिल्या १०० चौरस मीटरला तीन भोकं, पुढच्या प्रत्येक १०० ला एक. जमिनीवरच्या स्लॅबला प्रत्येक बाहेरच्या भिंतीपासून एक मीटरच्या आत निदान एक भोक घ्या. ड्रिल करण्याआधी स्लॅबमधले पाइप, वायरी, सळ्या शोधून ठेवा.

भोक कोरडंच पाडायचं, थंड करायला पाणी अजिबात वापरायचं नाही. ब्रशने घासून व्हॅक्यूमने सगळी धूळ काढा, प्रोबसाठीची नळी तळापर्यंत बसवा, टोपण लावा आणि २४ तास हात लावू नका. ड्रिलच्या उष्णतेने भोकाभोवतीची ओल बिघडलेली असते, ती पूर्ववत व्हायला वेळ लागतो. लगेच घेतलेलं माप फसवं. चाचणीच्या ४८ तास आधीपासून खोलीचं तापमान आणि हवेतली आर्द्रता पुढे राहायला आल्यावर असेल तशी ठेवा. प्रोबही स्लॅबच्या तापमानाला येऊ द्या. पाच मिनिटांत आकडा एक टक्क्यापेक्षा जास्त हलत असेल तर थांबा, मग नोंद करा.

किती टक्के चालेल? फ्लोअरिंग आणि चिकटद्रव्य या दोन्हींच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकात मर्यादा दिलेली असते. त्यातली कमी असेल ती धरा. लाकडासाठी ७५ टक्के ही नेहमी दिसणारी मर्यादा आहे. तिन्ही आकड्यांची सरासरी काढू नका. एक भोक जरी मर्यादेबाहेर असेल तरी तिथे फळ्या उठू शकतात.

वर टेकवून आकडा दाखवणारं मीटर ओली जागा शोधायला उपयोगी, म्हणजे भोकं कुठे पाडायची ते ठरवायला. निर्णय त्यावर नको. कॅल्शियम क्लोराइडच्या डबीची चाचणीही वरच्या थराबद्दलच सांगते.

दोन महिन्यांबद्दल: २८ दिवस हा काँक्रीटच्या ताकदीचा हिशेब, वाळण्याचा नाही. ढोबळमानाने २५ मिमीला एक महिना धरतात, आणि तोही क्युरिंग संपून छप्पर-खिडक्या बंद झाल्यापासून. म्हणजे तुमच्या स्लॅबला चार महिने. मध्ये पावसाने भिजला असेल किंवा पत्र्याच्या थापीने घोटून गुळगुळीत केला असेल तर आणखी.

आकडा जास्त आला तर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) आणि पंखे लावा. गॅसचा हीटर नको, जळताना तो खोलीत बाष्पच सोडतो. थांबणं शक्य नसेल तर पृष्ठभाग यंत्राने खरवडून दोन घटकांचं इपॉक्सी ओलरोधक लावता येतं, पण त्याच्या माहितीपत्रकातली आर्द्रतेची मर्यादा तुमच्या आकड्यापेक्षा जास्त हवी, आणि आधी मारलेलं क्युरिंग कंपाउंड (ओल उडू नये म्हणून ताज्या काँक्रीटवर मारतात तो थर) पूर्ण निघालेलं हवं. नाहीतर इपॉक्सीच पापुद्र्यासारखं सुटून येतं.