छदाच्या रंगावरून रानकेळीचे नाव ठरवू नये

विक्रेत्याने ‘म्युसा ऑर्नाटा’ म्हणून दिलेल्या आपल्या शोभेच्या केळीचे छद (केळफुलावरची रंगीत आवरणे) गुलाबी आहेत, पण फळांवर बारीक लव दिसते, तेव्हा खरे नाव कोणते, हा आपला प्रश्न वाचला आणि माझा जुनाच पेच पुन्हा समोर आला. केळफूल उभे आहे आणि मुनवे फुटतात असे आपण लिहिलेच आहे, त्यामुळे एन्सेट या केळीसारख्या वनस्पतीचा विचार सोडून देतो. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, हौशी लागवडदार आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

आपल्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा ती लवच आहे. म्युसा व्हेल्युटिना या दुसऱ्या रानकेळीचा फुलोऱ्याचा दांडा आणि फळे दोन्ही लवदार असतात. फळ गुलाबी होते आणि पिकल्यावर त्याची साल टोकाकडून आपोआप फाटून पट्ट्यापट्ट्यांनी मागे वळते, तेव्हा पांढऱ्या गरात रुतलेल्या काळ्या बिया उघड्या पडतात. ऑर्नाटाची फळे गुळगुळीत असतात, पिवळसर होतात आणि अशी उकलत नाहीत. छद विटकरी असतील व मुनवे मूळ खोडापासून लांब निघत असतील, तर म्युसा लॅटेरिटा ही जात तपासावी. लालभडक छदांची म्युसा कॉक्सिनिया यांच्याच घरातली वाटते, परंतु तिची गुणसूत्रे २० आणि या तिघींची २२ असल्याने ती वेगळ्या विभागात मोडते.

मला सर्वाधिक महागात पडले ते नमुने ओळखून देणाऱ्या एका कार्यालयाचे उत्तर. त्यांना फक्त दाबून वाळवलेला नमुना हवा होता. ताजे केळफूल आणि फळ त्यांनी स्वीकारलेच नाही. वाळताना छदांचा रंग तपकिरी झाला, आणि अहवालात अर्जाच्या ‘प्रचलित नाव’ या रकान्यातले, म्हणजे रोपाच्या चिठ्ठीवरचेच, नाव शिक्क्यासह परत आले. बियांबद्दल किंवा लवेबद्दल त्यात एक ओळही नव्हती. केळीचे खोड एकदाच फुलते आणि मरते, त्यामुळे तोवर ते खोड गेले होते आणि पुढचा मुनवा फुलेपर्यंत हात बांधून बसावे लागले. अशा शिक्क्यापेक्षा ‘बहुधा व्हेल्युटिना’ असे प्रामाणिकपणे लिहिलेली घरगुती नोंद मला अधिक मोलाची वाटते.

म्हणून नमुना कोठेही पाठवण्याआधी छदाचा आतला व बाहेरचा रंग त्याच दिवशी लिहून ठेवावा, प्रत्येक छदाखाली फुलांची ओळ एक आहे की दोन हे पाहावे आणि काही नरफुले ७० टक्के अल्कोहोलमध्ये जपावीत.

लागवडीत ऑर्नाटा आणि व्हेल्युटिना यांचा संकर होतो, आणि मधल्या लक्षणांची रोपे कोणत्याही एका नावाने खपतात. फळ लवदार असूनही साल उकलली नाही, तर मी संकराचाच संशय घेईन. त्यासाठी एक तरी फणी दांड्यावरच पूर्ण पिकू द्यावी आणि पक्षी व वटवाघळांपासून वाचवण्यासाठी तिला जाळीची पिशवी बांधावी.