शब्दचर्चा : ‘दारूच्या अंमलाखाली हातून घडले’

प्रश्न असा : ‘दारूच्या अंमलाखाली त्याच्या हातून लैंगिक अत्याचार घडला’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि अंमल म्हणजे सत्ता, तर दारूचा अंमल कसा?

आधी अंमल. मूळ अरबी ‘अमल’, फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. अरबीत त्याचा अर्थ काम, कृती. मराठीत तो कारभार, सत्ता या अर्थांनी रुळला. ‘अंमलदार’मध्ये सत्ता दिसते, ‘अंमलबजावणी’त मूळची कृती अजून टिकून आहे. नशा माणसाचा ताबा घेते ही कल्पना सत्तेच्या अर्थाशी सहज जुळते, म्हणून अंमल चढतो आणि उतरतो. तेव्हा ‘दारूच्या अंमलाखाली’ हा प्रयोग बिनचूक आहे. तो माणसाची अवस्था सांगतो.

माझी हरकत ‘हातून घडला’ला आहे. ‘माझ्या हातून कप फुटला’ असे आपण कप चुकून फुटला तरच म्हणतो. ‘माझ्या हातून मुद्दाम कप फुटला’ असे म्हणून पाहा, कानाला लगेच खटकेल. ‘हातून पुण्य घडले’ असेही आपण म्हणतो, पण तिथे बोलणारा नम्रपणे स्वतःचे कर्तेपण सोडतो. अत्याचाराच्या बातमीत ते कर्तेपण दुसराच कोणी सोडवून देतो. ‘घडणे’ अकर्मक आहे. कर्ता बाजूला सरकतो, उरतो फक्त हात. शेजारी ‘अंमल’ असला की सत्ता दारूची, हात त्याचा आणि तो स्वतः कुठेच नाही, असे चित्र तयार होते.

‘दारूमुळे अत्याचार झाला’ हे त्याहून वाईट. ‘मुळे’ कारण सांगते, आणि इथे कारण चुकीचे सांगितले जाते. दारूचा काहीच संबंध नाही असे मी म्हणत नाही. लैंगिक अत्याचाराच्या बऱ्याच घटनांत दारू प्यालेली असते आणि ती आक्रमकता वाढवू शकते. स्टील आणि जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी 1990 साली मांडले की दारूने लक्षाचा आवाका आखडतो : त्या क्षणाची स्वतःची इच्छा ठळक दिसते, समोरच्या व्यक्तीचा नकार आणि पुढचे परिणाम अंधूक होतात. पण 1975 सालच्या एका प्रयोगात पेयात दारू नसतानाही, ती आहे असे सांगितलेले पुरुष अधिक आक्रमक वागले. म्हणजे ‘प्यालो की असे वागायला मुभा असते’ ही समजूतही काम करते. शिवाय बहुसंख्य पिणारे कोणावर हात टाकत नाहीत. स्त्रियांविषयी आधीपासून वैरभाव किंवा हक्काची भावना बाळगणाऱ्यांत हा धोका जास्त दिसतो. म्हणून ‘दारूने धोका वाढतो’ हे वाक्य खरे, ‘दारूमुळे झाला’ हे खोटे.

मग लिहायचे कसे? ‘दारू पिऊन त्याने अत्याचार केला.’ ‘पिऊन’सारख्या ऊन-प्रत्ययान्त रूपाचा कर्ता सहसा मुख्य क्रियापदाचाच कर्ता असतो. प्याला तोच, केला त्यानेच. एवढ्याशा ‘ऊन’मध्ये आपल्या भाषेने ही सोय करून ठेवली आहे, ती वापरावी.

प्रश्नात नसलेली एक गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. हेच शब्द अत्याचार सोसलेल्या स्त्रीबद्दल आले की त्यांचे वजन फिरते. ‘तो नशेत होता’ ही सबब होते, ‘ती प्यालेली होती’ हा ठपका होतो. दोन्ही वाक्यांचे व्याकरण एकच, निवाडे मात्र उलटे. तिची अवस्था सांगणे आवश्यक असेल तर ज्यासाठी ती आवश्यक आहे तेच लिहावे : ‘ती संमती देण्याच्या स्थितीत नव्हती.’ ‘संमती’ या शब्दातच ‘मती’ आहे. जी शुद्धीत नाही तिच्या गप्प राहण्याला संमती म्हणणे शब्दार्थानेही चूक ठरते.