वराडचं आडनाव आणि डब्लिनचं गणित

प्रश्न : मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नातं सांगणारे लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान म्हणून ‘निवडून आले’ असं आम्ही वाचलं. पण त्या वर्षी तिथे सार्वत्रिक निवडणूक नव्हती म्हणतात. मग निवडलं कुणी? – एक वाचक, कणकवली

उत्तर : आधी पक्षाने, मग संसदेने. तेव्हाचे पंतप्रधान एंडा केनी यांनी फिन गेल या आपल्या पक्षाचं नेतेपद सोडलं आणि वराडकर विरुद्ध सायमन कोव्हनी अशी लढत लागली. मतांना तीन वजनं होती : खासदारांच्या संसदीय पक्षाला ६५ टक्के, सामान्य सदस्यांना २५, नगरसेवकांना १०. सदस्यांमध्ये कोव्हनी ७,०५१ विरुद्ध ३,७७२ असे सरळ जिंकले. पण ७३ खासदारांपैकी ५१ वराडकरांकडे होते. आता हिशोब मांडा : ६५ भागिले ७३, म्हणजे एका खासदाराचं मत ०.८९ टक्क्याचं. एका सदस्याचं मत जेमतेम ०.००२३. एक खासदार सुमारे ३८५ सदस्यांना भारी! खासदारांचे ४५.४, सदस्यांचे ८.७, नगरसेवकांचे (१२३ विरुद्ध १००) ५.५ मिळून वराडकर ६० टक्क्यांच्या घरात गेले. हा निकाल २ जूनचा.

पद मात्र १४ जूनला मिळालं. इथेच दुरून बातमी वाचताना गफलत होते. पक्षनेता आपोआप पंतप्रधान होत नाही, कनिष्ठ सभागृहात, म्हणजे डॉलमध्ये, त्याच्या नावावर मतदान व्हावं लागतं. १५८ जणांच्या त्या सभागृहात फिन गेलचे सुमारे ५० सदस्य होते. वराडकरांना ५७ मतं मिळाली, विरोधात ५०. फियना फॉल या मुख्य विरोधी पक्षाने आधीच्या समझोत्यानुसार तटस्थ राहून वाट मोकळी केली. आपल्याकडच्या कौतुकात हा पक्ष सहसा दिसला नाही, याची खंत वाटते. आडनावाचा अभिमान रास्तच, पण खुर्ची त्या तटस्थ मतांवर उभी होती.

प्रश्न : मार्च २०२४ मध्ये त्यांनी पद सोडलं, तरी सरकार का पडलं नाही?

उत्तर : कारण बहुमत आघाडीचं होतं. २०२० च्या निवडणुकीत फिन गेल तिसऱ्या क्रमांकावर गेला होता. फियना फॉल आणि ग्रीन पक्षासोबतच्या करारात पंतप्रधानपद आळीपाळीने ठरलं आणि वराडकरांची पाळी डिसेंबर २०२२ मध्ये आली. ८ मार्च २०२४ ला घटनादुरुस्तीचे दोन्ही सार्वमत-प्रस्ताव लोकांनी फेटाळले, २० मार्चला त्यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. पक्षाच्या नेतेपदी सायमन हॅरिस बिनविरोध आले, ९ एप्रिलला डॉलने त्यांना निवडलं. तोवर वराडकरच काम पाहत होते. त्यामुळे अशा बातमीत ‘राजीनामा’ दिसला की नेतेपदाचा की पंतप्रधानपदाचा, ते आधी बघा. दोन्हींच्या तारखा वेगळ्या असतात.