आरपीजीमध्ये, म्हणजे स्वतःचं पात्र घडवून खेळायच्या गेममध्ये, बनवताना छान वाटलेला पात्राचा चेहरा गेम सुरू झाल्यावर विचित्र का दिसतो?

दोष तुमच्या हाताचा नाही, बहुतेक वेळा प्रकाशाचा असतो. चेहरा बनवण्याच्या स्क्रीनवर मऊ, ठरावीक उजेड असतो आणि कॅमेरा अगदी समोर. गेममध्ये ऊन डोक्यावरून पडतं, पात्र बोलू लागतं, ओठ-भुवया हलतात. मी एकदा दीड तास घालवून चेहरा घडवला होता. पहिल्याच कटसीनला (गेममधल्या सिनेमासारख्या प्रसंगाला) मशालीच्या उजेडात डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे! फार वाईट वाटलं, कारण त्याच चेहऱ्यासोबत पुढचे कित्येक तास काढायचे असतात.

दुसरी गोची स्लायडरची, म्हणजे नाक-डोळ्यांचा आकार बदलायला सरकवायच्या पट्ट्यांची. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये एक स्लायडर सरकवला की बाकीचेही आपोआप हलायचे. म्हणून आधी जबडा आणि कपाळ, मग डोळे, नाक सगळ्यात शेवटी. डोळे फार खोल नेऊ नका. चेहरा बाजूनेही फिरवून बघा, हे बरेच जण विसरतात.

'एल्डन रिंग' या गेममध्ये राउंडटेबल होल्ड या ठिकाणच्या आरशात, 'बाल्डर्स गेट ३'मध्ये छावणीतल्या जादुई आरशात रूप नंतर बदलता येतं. ही सोय प्रत्येक गेममध्ये हवीच. नसेल, तर पहिल्या कटसीनपर्यंत खेळा आणि चेहरा पटला तरच पुढे जा.