ओमेगा-३ च्या कॅप्सूल रोज घेतल्या तर चालतात का?

चालतात, पण कशासाठी घेताय ते आधी ठरवा. पक्का फायदा ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) कमी होण्याचा, तोही डॉक्टरांनी दिलेल्या रोजच्या ४ ग्रॅमच्या आसपासच्या डोसला. हार्ट अटॅक टळावा म्हणून धडधाकट माणसाने घेण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही.

बाटलीची मागची बाजू जरूर वाचा. पुढे ‘१००० मिग्रॅ फिश ऑइल’ लिहिलेलं असतं आणि आत ओमेगा-३ चे कामाचे दोन प्रकार, ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं ३०० मिग्रॅच, असं बऱ्याचदा निघतं. शाकाहारी असाल तर शेवाळापासूनचं तेल मिळतं. माशाच्या वासाचे ढेकर येत असतील तर जेवणासोबत घ्या.

मोठ्या डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया सुरूच करू नका.