रक्तगट कोणी शोधले? त्या शास्त्रज्ञाबद्दल थोडक्यात सांगाल का?

कार्ल लँडस्टायनर. मी परभणीत रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, त्यामुळे हा माणूस मला रोजच भेटतो म्हणा ना!

जन्म व्हिएन्नाजवळ, १४ जून १८६८. त्या काळी एकाचं रक्त दुसऱ्याला दिलं तर कधी रोगी वाचायचा, कधी दगावायचा, आणि का ते कळत नव्हतं. लँडस्टायनरांनी स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त घेतलं, पेशी आणि रक्तद्रव वेगळे केले आणि एकाच्या पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळून पाहिल्या. काही मिश्रणांत पेशींचे पुंजके झाले, काहींत काहीच नाही. एवढ्यावरून १९०१ साली त्यांनी ए, बी आणि सी हे तीन गट मांडले. सी म्हणजे आजचा ओ. एबी पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

सप्ताहातल्या किंवा जयंतीच्या शिबिरात आम्ही काचपट्टीवर रक्ताच्या थेंबाशेजारी निळं-पिवळं अँटिसेरम (गट ओळखायचं द्रावण) टाकून ढवळतो, तो प्रयोग मुळात हाच. सव्वाशे वर्षं झाली, तरी पुंजके दिसले की मला अजून नवल वाटतं.

१९३० साली नोबेल मिळालं. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर या सहकारी शास्त्रज्ञासोबत आरएच घटक शोधला, म्हणजे तुमच्या कार्डावरचं ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’. पोलिओ विषाणूमुळे होतो, हे दाखवण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. हे फार कमी जणांना माहीत असतं.

१९४३ मध्ये न्यूयॉर्कला प्रयोगशाळेत काम करतानाच हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी ते गेले. त्यांचा जन्मदिवस आता जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळतात.