जुन्या पिकअपच्या मागच्या चाकातून तेल गळतंय. नुसतं सील बदलून भागेल का?

भागेल, पण सील का गेलं ते आधी शोधा, नाहीतर नवंही तसंच जाईल. गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नको. ड्रम काढून तेल बोटावर घ्या. दाट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर हाउसिंगमधलं, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या कवचातलं, गिअर ऑइल. पातळ असेल तर बहुधा ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर गळतोय.

मग हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा सोडणारं छोटं तोंड, बघा. हा फार जणांकडून राहून जातो. चिखलाने बुजला की आतल्या गरम हवेला वाट मिळत नाही आणि तिचा दाब तेल सीलमधून बाहेर ढकलतो. पावसाळ्यात तुर्भ्याच्या मार्केटकडे साचलेल्या पाण्यातून गाडी जात असेल तर तेलही तपासा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं बदला.

अ‍ॅक्सल बाहेर आला की सील बसतं तिथे नख फिरवा. अडकलं तर खाच पडलीय, तिथे नवं सील टिकणार नाही. बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) असेल तर तेही आत्ताच बदला. सीलच्या ओठाला (रबरी कडेला) तेल लावून, ओठ आतल्या, म्हणजे तेलाच्या बाजूला ठेवून सरळ ठोका.

तेल प्यायलेले ब्रेक लायनर पेट्रोलने धुऊन परत लावू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. भरलेली गाडी घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या उतारावर ब्रेक मारताच एका बाजूला ओढेल. दोन्ही चाकांचे लायनर एकदमच बदला.